दरवर्षी तेच पाहुणे

रावेरहून आगगाडीने बऱ्हाणपूर अर्ध्या तासावर आहे. बाजार तिकडे, सोयरीक तिकडे, आणि पूर्वी कापड घ्यायलाही रावेरची माणसं तिकडेच जायची. भुसावळला गाडी बदलून नागपूरच्या लाइनीवर थोडं पुढे गेलं की मलकापूर. केळी, कापूस, तापी-पूर्णेची काळी माती, उन्हाळ्याचा तोच जाळ आणि लग्नाच्या पंगतीत तेच वरण-बट्टीचं जेवण. या तीन गावांना एकमेकांचे शेजारी म्हणायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

पण रणजी करंडकाच्या कागदावर ही तीन गावं तीन वेगळ्या मुलखांत आहेत. रावेरचा एखादा मुलगा खरंच चांगला निघाला, तर तो पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडून खेळणार. बऱ्हाणपूरचा मध्य प्रदेशकडून, मलकापूरचा विदर्भाकडून. मध्य प्रदेश आणि विदर्भ मध्य विभागात, महाराष्ट्र पश्चिम विभागात. म्हणजे १९५७-५८ पासून २००१-०२ पर्यंत, तब्बल ४५ हंगाम, रावेरच्या मुलाची बऱ्हाणपूरच्या किंवा मलकापूरच्या मुलाशी रणजीच्या साखळीत एकदाही गाठ पडणार नव्हती. त्याची गाठ दरवर्षी पडायची ती राजकोट, बडोदा, अहमदाबाद आणि मुंबईच्या मुलांशी. पुन्हा पुढच्या वर्षी त्यांच्याशीच, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.

लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. आकाशवाणीवर समालोचक बाळ ज. पंडितांचा आवाज लागला की बहुतेक वेळा समोर मुंबई तरी असायची नाहीतर बडोदा. आपला संघ आपल्या शेजाऱ्यांशी का खेळत नाही, असं मी घरात विचारलं होतं. उत्तर कुणाकडेच नव्हतं. ते पुढे जुन्या धावफलकांत आणि रेल्वेच्या नकाशात सापडलं.

१९३४ च्या जुलैत सिमल्याला क्रिकेट नियामक मंडळाची बैठक झाली. अँथनी डी मेलो यांनी देशभराच्या संघांसाठी एका स्पर्धेची कल्पना मांडली आणि पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांनी तिच्यासाठी ५०० पौंडांचा सोन्याचा करंडक देऊ केला. आदल्याच वर्षी वारलेल्या रणजितसिंहजींचं नाव त्याला मिळालं. ४ नोव्हेंबर १९३४ ला मद्रासला चेपॉकवर मद्रास आणि म्हैसूर यांच्यात पहिला सामना सुरू झाला आणि त्याच दिवशी संपलाही.

प्रश्न होता तो अंतराचा. कराचीपासून मद्रासपर्यंत पसरलेला देश, बहुतेक खेळाडू नोकरदार, विद्यार्थी नाहीतर संस्थानांच्या पदरी असलेले, आणि प्रवासाचं साधन एकच, आगगाडी. पुण्याचा संघ लाहोरला पाठवायचा तर जाण्या-येण्यातच आठवडा जाणार. भाडं कोण देणार, रजा कोण देणार? म्हणून देशाचे चार तुकडे केले : उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. आपापल्या तुकड्यात आधी एकमेकांना हरवा, जो उरेल त्याने पुढे यावं. पुढे या चार तुकड्यांत मध्य विभागाची भर पडली.

पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सिंध आणि काठेवाडातली संस्थानं आली, पुढे बडोदाही. यातली मुंबई, महाराष्ट्र, गुजरात आणि सिंध तेव्हा एकाच मुंबई इलाख्यात होती. रावेरही त्याच इलाख्यात, पूर्व खानदेश जिल्ह्यात. बऱ्हाणपूर मध्य प्रांतात आणि मलकापूर वऱ्हाडात. क्रिकेटच्या संघटनांनी सरकारी हद्दी जवळपास जशाच्या तशा उचलल्या होत्या. रावेरच्या पुढे जी रेघ साहेबाच्या महसूल खात्याने ओढली, तिच्या अलीकडे-पलीकडे पुढची सत्तर वर्षं दोन वेगळी क्रिकेटं वाढली.

हा पश्चिम विभाग साधासुधा नव्हता. रणजी करंडकाच्या पहिल्या ११ हंगामांपैकी ९ वेळा विजेता इथून आला. मुंबईने चारदा करंडक नेला, महाराष्ट्राने दोनदा, आणि बडोदा, तसेच काठेवाडातले नवानगर व वेस्टर्न इंडिया यांनी एकेकदा. फक्त हैदराबाद आणि बंगाल यांनाच मधे एकेक वर्ष शिरकाव मिळाला. म्हणजे पश्चिम विभागातून बाहेर पडणं हीच खरी परीक्षा असायची, आणि त्या परीक्षेला दरवर्षी तेच परीक्षक.

महाराष्ट्राचे ते दोन विजय १९३९-४० आणि १९४०-४१ चे. कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे. पहिल्या वर्षी विजय हजारेंनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. दुसऱ्या वर्षी देवधरांनी मुंबईविरुद्ध २४६ केल्या, तेव्हा त्यांचं वय ४८ होतं. आज ४८ व्या वर्षी माणूस गुडघ्याला हात लावून जिना चढतो. या गृहस्थांनी मुंबईच्या गोलंदाजीपुढे अडीचशेच्या घरात मजल मारली आणि पुन्हा वर्गावर जाऊन संस्कृत शिकवलं. त्यांची शंभरी पुरी झाली, १९९३ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या नावाचा करंडक विभागांमध्येच खेळला जायचा, हा योगही बघण्यासारखा.

हेच हजारे पुढे बडोद्याकडे गेले. ज्या बडोद्याविरुद्ध त्यांनी त्रिशतक काढलं होतं, त्याच बडोद्यासाठी त्यांनी १९४७ मध्ये होळकर संघाविरुद्ध अंतिम सामन्यात २८८ धावा केल्या आणि गुल महंमदबरोबर ५७७ धावांची भागी रचली. चंदू बोर्डे आधी महाराष्ट्राकडून, मग बडोद्याकडून आणि मग पुन्हा महाराष्ट्राकडून खेळले. विनू मंकड तर पश्चिमेतल्या अर्ध्याअधिक संघांत फिरून आले. संघ तेच, पण त्यांच्यातली माणसं अशी अदलाबदल करायची. शेजारच्या गावात मुलगी द्यावी आणि पुढच्या वर्षी तिच्याच गावाशी कुस्त्यांचा फड लावावा, तसा हा प्रकार होता. विजय मर्चंट मात्र मुंबईचेच राहिले आणि १९४३-४४ च्या हंगामात ब्रेबोर्न स्टेडियमवर त्यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ केल्या. दरवर्षीच्या भेटीत उधारी अशी चुकती व्हायची.

आता डिसेंबर १९४८. पुणे क्लबचं मैदान, समोर काठेवाडचा संघ. काठेवाड २३८ वर बाद झाला. महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर तिसऱ्या क्रमांकावर आले. कोल्हापूरचा हा खेळाडू नुकताच २९ वर्षांचा झाला होता. दुसऱ्या बाजूला भांडारकर होते, त्यांनी २०५ केल्या आणि दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. भांडारकर गेले, निंबाळकर थांबले. सव्वाआठ तासांच्या आसपास खेळून तिसऱ्या दिवशी ते नाबाद ४४३ वर पोचले. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम मोडायला फक्त १० धावा हव्या होत्या.

सुट्टी झाली आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सांगितलं की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघतो. महाराष्ट्राने थोडासाच वेळ मागितला. काठेवाडने ऐकलं नाही, सामना सोडून दिला आणि सामान आवरलं. दहा धावा, म्हणजे दोन-तीन षटकांचा खेळ. निंबाळकर तसेच नाबाद राहिले, आणि राहिले ते कायमचे. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये आजवर कुठल्याही भारतीयाने त्यांच्याएवढी धावसंख्या उभारलेली नाही. भारताकडून एकही कसोटी खेळायला न मिळता हा माणूस डिसेंबर २०१२ मध्ये कोल्हापुरात गेला.

ठाकोरसाहेबांना त्या दिवसापासून लोक नावं ठेवत आले आहेत. मीही ठेवली आहेत. पण दरवर्षी ज्यांच्याशी गाठ ठरलेली, त्यांच्याच हातून जगाचा विक्रम आपल्याविरुद्ध होतोय, हे त्यांना सोसलं नसावं असं मला वाटतं. कलकत्त्याच्या एखाद्या संघाने तेवढ्या धावा काढल्या असत्या तर तो संघ पुन्हा दहा वर्षांत दिसलाही नसता. पुणे मात्र पुढच्या वर्षीही असणार, त्याच्या पुढच्या वर्षीही असणार, आणि दर वेळी मैदानाभोवतीचे लोक तोच आकडा ऐकवणार. शेजाऱ्याकडून झालेली फजिती रोज दारात उभी असते.

त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र उपांत्य फेरीत भिडले. एरवी एका विभागातून एकच संघ पुढे जायचा, मग हे दोघे उपांत्य फेरीत कसे? उघड आहे, त्या वर्षी विभागांचा तक्ता बाजूला ठेवला होता. तरीही फिरून फिरून गाठ पडली ती शेजाऱ्यांचीच, आणि अंतिम सामनाही मुंबई आणि बडोदा यांच्यातच झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४. महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा. सात दिवस, नऊ शतकं. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून जास्त धावा जगात कुठेही झालेल्या नाहीत. दुसऱ्या डावात ९५९ धावांचं ओझं डोक्यावर घेऊन सहाशेच्या वर जाणाऱ्या त्या महाराष्ट्र संघाचा मला पराभवापेक्षा अभिमानच जास्त वाटतो. रेगे यांनी दोन्ही डावांत शतकं काढली. जिंकण्याचा प्रश्नच उरला नव्हता, पण मुंबईपुढे गुडघे टेकायचे नाहीत, एवढं बहुधा ठरलेलं होतं.

भाड्यावर आणि अंतरावर प्रतिस्पर्धी ठरतात, हे काही आपल्याच देशाचं वैशिष्ट्य नाही. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलचा, म्हणजे हेल्मेट घालून खेळतात त्या फुटबॉलचा, हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. त्याआधी ऑगस्टमध्ये सरावाचे सामने असतात. गुणतक्त्यात ते धरत नाहीत, आणि कुणाशी खेळायचं हे संघ मुख्यतः आपसांत बोलून ठरवतात. एवढी मोकळीक असूनही काही जोड्या वर्षानुवर्षं त्याच असतात. त्यांतली एक नावाजलेली जोडी न्यूयॉर्कच्या जायंट्स आणि जेट्सची. जायंट्स १९२५ चे, शहराचे जुने मानकरी. जेट्स १९६० मध्ये दुसऱ्याच लीगमध्ये जन्मलेले, काल आलेले. जानेवारी १९६९ मध्ये या नवख्यांनी जो नेमथच्या नेतृत्वाखाली बाल्टिमोरला १६–७ हरवून देशाचं अजिंक्यपद नेलं. पण आपल्याच शहरातल्या जुन्या संघाशी त्यांची गाठ पडलेलीच नव्हती, कारण लीग वेगळ्या. ती गाठ पडली १७ ऑगस्ट १९६९ ला, कनेटिकटमधल्या येल बाउलवर, सराव सामन्यात. सत्तर हजारांवर माणसं आली. जेट्सनी ३७–१४ असं लोळवलं, आणि महिनाभरात जायंट्सच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. सरावाच्या सामन्यासाठी!

तेव्हापासून ही भेट जवळजवळ दरवर्षीची झाली. कारणं अगदी घरगुती आहेत. बसने जाता येतं, विमानाचा खर्च नाही, मुक्काम नाही. दोघांचे गट वेगळे असल्याने खऱ्या हंगामात ते साधारण चार-चार वर्षांनी भेटतात, म्हणून डावपेच उघडे पडण्याची धास्ती कमी. आणि तिकिटं खपतात. १९८४ पासून तर दोघांचं मैदानही एकच आहे. पाहुण्या संघाला फक्त कपडे बदलायची खोली बदलावी लागते. पण शेजाराला दुसरी बाजूही आहे. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंड यांच्यातही असाच दरवर्षीचा सराव सामना व्हायचा. ऑगस्ट २०११ मध्ये त्या सामन्याच्या दिवशी मैदानात मारामाऱ्या झाल्या, बाहेर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं जखमी झाली. सॅन फ्रान्सिस्कोने तो वार्षिक सामना थांबवा असं सांगितलं आणि तो थांबला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉलची झुंज ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पेठेला पेठ भिडली की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

त्यांच्याकडे आणि आपल्याकडे फरक एवढाच, की तिथे दोघं राजी असतील तर सामना होतो, नकोसा झाला की मोडतो. रणजीत निवड कुणालाच नव्हती. सिंध फाळणीत गेला, काठेवाडातली संस्थानं सौराष्ट्रात विलीन झाली, आणि १९५७-५८ पासून पश्चिम विभागात साखळी सुरू झाली : मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र. पाच संघ, प्रत्येकाचे चार सामने. महाराष्ट्राच्या खेळाडूला थंडीच्या दिवसांत हे चार सामने मिळायचे आणि त्यावर वर्षभराची कमाई ठरायची. तेरा हंगाम तर विभागातून फक्त पहिला संघच पुढे जायचा.

आणि पहिला कोण? १९५८-५९ ते १९७२-७३, सलग १५ वर्षं, करंडक मुंबईकडेच होता. विचार करा. दुसऱ्या कुठल्याही विभागातला संघ मुंबईला भेटायचा तो फार तर बाद फेरीत, आणि तोवर त्याचं नाव झालेलं असायचं. महाराष्ट्राला, बडोद्याला, सौराष्ट्राला मुंबई भेटायची ती दारातच. दक्षिणेत दुसरा आलेला आणि पश्चिमेत दुसरा आलेला हे एकाच तोलाचे, असं मानणं म्हणजे आंधळेपणा होता. पश्चिमेतल्या एका पिढीच्या चांगल्या खेळाडूंची नावं देशाच्या कानावर गेलीच नाहीत, त्याचं एक मोठं कारण हे आहे, असं माझं ठाम मत आहे. खानदेश-मराठवाड्यातल्या मुलांनी तर आधी पुण्यातल्या क्लबांच्या गर्दीतून वाट काढायची आणि मग मुंबईच्या भिंतीला धडकायचं.

१९७०-७१ ला नियम बदलला, विभागातले दोन संघ पुढे जाऊ लागले. पहिल्याच वर्षी महाराष्ट्र थेट अंतिम फेरीत पोचला. समोर कोण? मुंबई! वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर हे सगळे वेस्ट इंडिजमध्ये इतिहास घडवत होते, त्यामुळे सुधीर नाईक यांच्याकडे कर्णधारपद होतं. एवढी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती. महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. इतक्या वर्षांची ओळख, एकमेकांच्या फलंदाजाचा पाय कधी पुढे येतो हेसुद्धा पाठ असलेले दोन संघ, आणि मुंबईच्या दुसऱ्या फळीनेही तो सामना सोडला नाही.

२००२-०३ मध्ये विभाग गेले. एलिट आणि प्लेट असे गट आले, विमानं आली, दूरचित्रवाणीचा पैसा आला, आणि आगगाडीच्या भाड्याने ठरवलेला शेजार संपला. त्यानंतर काय झालं ते खानदेशातल्या माणसाने सावकाश वाचावं असं आहे. विभाग मोडायच्या थोडं आधी, २०००-०१ मध्ये, बडोद्याने करंडक नेला होता. २०१६-१७ ला गुजरात विजेता झाला, मुंबईलाच हरवून. सौराष्ट्राने, म्हणजे मैदान सोडून गेलेल्या त्या काठेवाडच्या वारसांनी, २०१९-२० आणि २०२२-२३ असा दोनदा करंडक उचलला. पश्चिमेतले सगळे जुने सोबती जिंकले. महाराष्ट्र १९९२-९३ ला आणि २०१३-१४ ला अंतिम फेरीत जाऊन परत आला. त्याच्या नावापुढचं शेवटचं वर्ष अजून १९४०-४१ च आहे, देवधरांचं.

आणि रेघेपलीकडचे? १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला, तोही इंदूरच्या होळकर स्टेडियमवर. पुढच्या वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ ला तिसऱ्यांदा. जून २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने बंगळुरूला मुंबईला हरवलं. विदर्भाच्या पहिल्या दोन विजयांच्या वेळी आणि मध्य प्रदेशाच्या या विजयाच्या वेळी प्रशिक्षक एकच होते, चंद्रकांत पंडित. मुंबईत वाढलेला यष्टिरक्षक, मध्य प्रदेशाचा कर्णधार म्हणून १९९९ ला त्याच बंगळुरूच्या मैदानावर अंतिम सामना हरलेला. तेवीस वर्षांनी तिथेच सीमारेषेशी उभे असताना त्यांना रडू आवरलं नाही.

विदर्भ जिथे पहिल्यांदा जिंकला ते इंदूर रावेरहून पुण्याच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. त्या विजयाच्या संध्याकाळी आमच्याकडे मोबाइलवर सामना बघणारी पोरं दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर गाड्या थांबवून उभी होती. त्यातल्या एकाची आत्या मलकापूरची, दुसऱ्याचा मामा बऱ्हाणपूरचा. रविवारी त्यांचा टेनिस बॉलचा सामना होता. सकाळच्या पॅसेंजरने येणार होता बऱ्हाणपूरचा संघ, किट खांद्यावर, दरवर्षीसारखाच.